साठ विषयांची यादी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे दोन-तीनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. या खेपेला निमित्त घरातलंच आहे, त्यामुळे घरच्या मंडळींनी वाचून लगेच फोन करू नयेत ही आधीच विनंती.

झालं असं. माझी भाची, आमची चिऊ (खरं नाव लिहिलं तर ती मला उभा जाळेल), एम.एस. करायला अमेरिकेत गेली आहे. विषय संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर यांच्या मधलं काहीतरी, जे मला तीन वेळा समजावून सांगूनही नीट कळलेलं नाही. पुढच्या सत्रात कुठले कोर्स घ्यायचे याची यादी तिने घरी पाठवली. चारातले तीन अपेक्षेप्रमाणे. चौथा मानववंशशास्त्राचा. जात आणि वंश या विषयावरचा.

भाऊजींनी कॅल्क्युलेटर काढला. तीन क्रेडिट, म्हणजे साधारण साडेचार लाख. "साडेचार लाख भरून जात शिकायला अमेरिकेला जायची काय गरज आहे? ती इथे फुकटात शिकवतात," असं ते म्हणाले. भाऊजी रागावले की फार छान बोलतात. ताई रडवेली. चिऊ म्हणाली, "मामाला विचारा." का, तर मामा बँकेत होता, मामाला कर्जाचं कळतं आणि मामा पुस्तकंही वाचतो. म्हणजे दोन्ही पक्षांना मी आपला वाटलो. मी नेहमीप्रमाणे "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला.

आणि मग खरंच बघत बसलो. कारण भाऊजींचं ते वाक्य ऐकताना मला एका जुन्या यादीची आठवण झाली होती.

१९१३ च्या जुलैमध्ये भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. वय २२. मुंबई विद्यापीठाची बी.ए. झालेली, फेब्रुवारीत वडील गेलेले, आणि खिशात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला होता: शिक्षण संपलं की दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. आजच्या भाषेत बॉन्ड. मिळायचे त्या पैशांतून घरीही पाठवायचे होते. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षं काढली, आणि त्यांनी तिथे कोणत्या विषयाचे किती कोर्स घेतले याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरात राहिली आहे. ती अशी: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन प्रत्येकी एक.

बेरीज करा. साठ होतात. मी दोनदा केली, बँकेची सवय.

तीन वर्षांत साठ म्हणजे वर्षाला वीस. चिऊ सत्राला चार घेते आणि झोप मिळत नाही म्हणून तक्रार करते. (तेव्हाचा एक कोर्स आणि आताचा एक कोर्स सारख्या वजनाचा असेलच असं नाही हे मान्य. तरी वीस ते वीसच.)

पण मला त्या आकड्यापेक्षा त्यामागची मोकळीक जास्त मोठी वाटते. ती समजायला आधी मुंबईत काय होतं ते पाहायला हवं. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. विषयांचे गठ्ठे बांधलेले, त्यातला एक उचलायचा. आणि त्या गठ्ठ्यांपर्यंतही सगळ्यांना सारखं जाता येत नव्हतं. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना भीमरावांना संस्कृत घ्यायचं होतं. मिळालं नाही. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली. बी.ए.लाही इंग्रजीबरोबर फारसीच. संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले. म्हणजे इथे त्यांचा विषय दुसऱ्या कुणीतरी ठरवला होता, आणि ठरवताना मुलाच्या डोक्यात काय आहे हे न बघता तो कुणाच्या पोटी जन्मला ते बघितलं होतं.

त्या काळात परदेशी शिकायला जाणारे बहुतेक जण विलायतेला जात. आय.सी.एस. नाहीतर बॅरिस्टरी. बॅरिस्टर होण्याची रीत तर मजेशीरच होती. परीक्षा असायच्या, पण त्याचबरोबर इनमध्ये ठरावीक संख्येने जेवणं जेवावी लागत. गांधीजींनी आत्मचरित्रात या जेवणांबद्दल मिस्कीलपणे लिहिलं आहे. त्यांच्यासारख्या शाकाहारी आणि दारू न पिणाऱ्या माणसाची सोबत मेजावरच्या इतरांना हवीशी असायची, कारण त्याच्या वाटची वाइन त्यांना मिळे. केंब्रिजला गेलात तर एक ट्रायपॉस धरायची आणि तिच्यातच बुडायचं. आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली गणितात सीनियर रँग्लर झाले ते अशा एकाच विषयात खोल उतरून. त्यात कमी काही नाही. पण ती विहीर होती.

अमेरिकेत मात्र चार्ल्स एलियट हे १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले तेव्हापासून विद्यार्थ्याने स्वतः विषय निवडायची पद्धत रुजत गेली. पुढे आपले दामोदर कोसंबी हार्वर्डला होते तेव्हा बर्कहॉफ या मोठ्या गणितज्ञाने त्यांना सांगितलं होतं की गणितावर लक्ष एकवट. कोसंबींनी ऐकलं नाही. वाटेल ते विषय घेत सुटले आणि १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडले. नंतर त्यांनी नाण्यांवर, भर्तृहरीवर, प्राचीन भारताच्या इतिहासावर जे केलं ते पाहिल्यावर बर्कहॉफसाहेबांचं न ऐकणं फारसं चुकलं असं म्हणवत नाही.

आणि त्याआधीच्या आनंदीबाई? त्यांना निवड कसली. १८८३ साली अठरा वर्षांची ती मुलगी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. वैद्यकाचा अभ्यासक्रम ठरलेला, तो सगळ्यांनी करायचा. तिला निवड मिळाली ती शेवटी, प्रबंधाचा विषय ठरवताना, आणि तिने निवडलं 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. ११ मार्च १८८६ ला पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू. मधे एक वर्षसुद्धा नाही. या दोन तारखा मी कितीही वेळा वाचल्या तरी पुढे जायला मला थोडा वेळ लागतो.

असो. कोलंबियाकडे परत येतो.

बाबासाहेब तिथे पोचले ते वर्षही मोठं जमून आलेलं होतं. अमेरिकेच्या राज्यघटनेतली सोळावी दुरुस्ती फेब्रुवारी १९१३ मध्ये मंजूर झाली आणि तिथे केंद्र सरकारला आयकर बसवण्याचा अधिकार मिळाला. त्याच डिसेंबरात फेडरल रिझर्व्हचा कायदा झाला. म्हणजे सरकारने पैसा कुठून आणायचा, केंद्राचा वाटा कुठला आणि राज्यांचा कुठला, चलन कुणी सांभाळायचं, हे सगळे प्रश्न वर्तमानपत्रात रोज गाजत होते. आणि कोलंबियात सार्वजनिक वित्त शिकवायला होते एडविन सेलिगमन, ज्यांचा आयकरावरचा ग्रंथ १९११ सालीच आला होता. आपल्याला 'रुपयाचा प्रश्न' आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ लिहिणारे आंबेडकर माहीत असतात. ते अर्थशास्त्राचे २९ कोर्स कुठल्या हवेत झाले हे क्वचित कुणी सांगतं. एरवी मी इतका वेळ करांबद्दल बोललो तर घरातले उठून जातात, म्हणून इथे थांबतो.

इतिहासाला जेम्स हार्वी रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल. रॉबिन्सन यांचं म्हणणं असं की इतिहास म्हणजे राजांच्या लढाया नव्हेत, माणसं कशी जगली, विचार करत आली, तोही इतिहासच. तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई. लोकशाही ही फक्त राज्य चालवायची पद्धत नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार. बाबासाहेबांनी तो पुढे आयुष्यभर सोडला नाही. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात त्यांनी आपल्या या गुरूचं ऋण मोकळेपणाने सांगितलं आहे.

आता ते दोन एकेकटे विषय, फ्रेंच आणि जर्मन. तेव्हा अमेरिकेत पीएच.डी. करणाऱ्याला या दोन भाषा वाचता याव्यात अशी साधारण अट असे, त्यामुळे हे कोर्स हौसेने घेतलेले नसावेत. पण वाया गेले नाहीत. १९२१ साली लंडनहून त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवायचं ठरवलं, तेव्हा अर्ज स्वतःच्या हाताने जर्मनमध्ये लिहिला. तो तिथे अजून जपून ठेवलेला आहे.

उरले मानववंशशास्त्राचे चार. साठांतले चार. भाऊजींच्या हिशेबाने बघितलं तर हेच ते फालतू चार. बडोदा संस्थानाला त्यांचा काय उपयोग?

९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी एक निबंध वाचला: भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. पुढच्या वर्षी, म्हणजे १९१७ च्या मे महिन्यात, तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. मी तो पहिल्यांदा चाळिशीत वाचला, आणि लाज वाटली की इतकी वर्षं आपल्याला हे कुणी वाचायला का दिलं नाही. (आणि आपण का मागितलं नाही, हेही.)

त्यातला विचार थोडक्यात असा. जातीचं मूळ सोवळ्याओवळ्यात नाही. ते आहे जातीबाहेर लग्न न करण्यात. एखाद्या गटाने स्वतःभोवती असं कुंपण घातलं की त्याला आत बाईपुरुषांची संख्या जुळवत राहावी लागते. नवरा मेला तर बाई 'जास्तीची' होते, बायको मेली तर पुरुष. मग त्या जास्तीच्या बाईचं काय करायचं? एक तर तिला नवऱ्याबरोबर जाळायचं, नाहीतर जन्मभर सक्तीचं वैधव्य द्यायचं. आणि पुरुषाला वयात न आलेल्या मुलींतून बायको आणून द्यायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. या तीन चालींचं गौरवगान करणारे पुष्कळ आणि धिक्कार करणारेही पुष्कळ होते. हा विद्यार्थी मात्र शांतपणे दाखवत होता की या चाली म्हणजे जातीचं कुंपण टिकवायची हत्यारं आहेत. मग वरच्यांनी दार लावून घेतलं म्हणून खालच्यांनीही अनुकरणाने आपापली दारं लावली, असं तो पुढे मांडतो.

आणखी एक गंमत आहे, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. या निबंधात त्यांनी आधीच्या ज्या अभ्यासकांची मतं तपासली त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले असे साहेब आहेत, आणि एक मराठी नाव आहे: केतकर. हेच ते आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. ते १९०६ साली अमेरिकेला गेले, कॉर्नेल विद्यापीठात शिकले, आणि भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक १९०९ साली तिथेच निघालं. आंबेडकरांनी केतकरांना मान दिला आहे, कारण केतकरांनी जातीची व्याख्या एकेकट्या जातीपुरती न करता सगळ्या जातिव्यवस्थेच्या संदर्भात केली. आणि मग त्यांची चूकही दाखवली आहे: जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच सभासदत्व ही दोन वेगळी लक्षणं नव्हेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

विचार करून बघा. एक चित्पावन ब्राह्मण आणि एक महार, दोघे मराठी, दोघे अमेरिकेत. एकाने न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावात बसून जातीवर पुस्तक लिहिलं, दुसऱ्याने त्याच राज्यातल्या शहरात ते वाचून बरोबरीच्या नात्याने त्याची दुरुस्ती केली. त्या काळच्या महाराष्ट्रात ही चर्चा कुठल्या ओसरीवर झाली असती?

अमेरिका म्हणजे स्वर्ग होता असं मला म्हणायचं नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर आमचे काही मित्र लगेच सरसावतील. त्याच १९१३ साली अध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांमध्ये काळ्या आणि गोऱ्या नोकरांना वेगळं बसवायला सुरुवात केली. आणि कोलंबियाच्या मूळ कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाला तो १९८३ साली, म्हणजे मी मॅट्रिक होऊन गेल्यानंतर. कुंपणं तिथेही होती. फक्त या एका विद्यार्थ्यासाठी त्या यादीला कुंपण नव्हतं.

पुढचं थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असावं. १९१६ च्या जूनमध्ये ते लंडनला गेले, स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन दोन्हीकडे नाव घातलं. वर्षभरात शिष्यवृत्ती संपली, बडोद्याचं बोलावणं आलं. परतीच्या वेळी वेगळ्या बोटीने पाठवलेलं सामान, त्यात पुस्तकं, जर्मन पाणबुडीने समुद्राच्या तळाशी घालवलं. १९१७ च्या सप्टेंबरात ते करार पाळायला बडोद्याला हजर झाले. साठ कोर्स, एम.ए.ची पदवी आणि पुढचा प्रबंध पदरी असलेल्या या माणसाला तिथे राहायला खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी स्वतः ते लिहून ठेवलं आहे, आणि इतक्या साध्या शब्दांत लिहिलंय की वाचताना आपल्यालाच उठून दार बंद करावंसं वाटतं. करार दहा वर्षांचा होता, पण काही दिवसांतच त्यांना बडोदं सोडावं लागलं.

याला म्हणावं तर 'कोर्सचा उपयोग झाला नाही'. भाऊजींना मी हे सांगितलं तर ते हेच म्हणतील.

नंतर सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, तिथे साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, कोलंबियापासूनचा मित्र नवल भथेना याच्याकडून उसने घेतलेले पैसे, आणि १९२० साली पुन्हा लंडन. कोलंबियाची पीएच.डी. मात्र हातात पडली ती १९२७ साली, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल कराव्या लागत. तो छापला गेला १९२५ मध्ये, सेलिगमन यांच्या प्रस्तावनेसह. पुस्तक अर्पण केलंय सयाजीरावांना. करार मोडला होता, ऋण मोडलं नव्हतं.

आता माझंही थोडं सांगतो, नाहीतर निवाडा का रेंगाळला ते कळायचं नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मी कॉलेजच्या खिडकीशी जाऊन विचारलं होतं की मला आर्ट्सचा इतिहासाचा एक पेपर घेता येईल का, जास्तीचा, मार्क नकोत. खिडकीतल्या गृहस्थांनी वर न बघता सांगितलं, "कॉमर्स ना तू? मग कॉमर्सचं बघ." बस एवढंच. अपमान वगैरे काही नाही, ते बिचारे नियमाचंच बोलले. मी घरी आलो, कॉमर्सचं बघितलं, बँकेत लागलो, चौतीस वर्षं बघत राहिलो. तक्रार नाही. पण त्या खिडकीवरून परत फिरायला मला अर्धा मिनिटही लागला नव्हता, हे आज जास्त टोचतं.

आणि मी तरी फक्त पेपर मागायला गेलो होतो. ज्याला संस्कृतच नाकारलं गेलं होतं, त्याने कोलंबियाची ती भली मोठी यादी पहिल्यांदा हातात घेतली असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याची कल्पना करायचा मी प्रयत्न केला. जमत नाही. माझ्याजवळ ते माप नाही.

१९५२ च्या जूनमध्ये बाबासाहेब मानद पदवी घ्यायला कोलंबियात परत गेले. ड्यूईंना भेटायची त्यांना फार उत्सुकता होती. ड्यूई १ जूनला वारले, वयाच्या ९२ व्या वर्षी. बाबासाहेबांचं विमान रोमला होतं तेव्हा. ५ तारखेला पदवीदान झालं.

काल रात्री मी भाऊजींना फोन केला. बाबासाहेबांबद्दल चकार शब्द काढला नाही, थोरांची उदाहरणं दिली की भाऊजी अधिक चिडतात. एवढंच सांगितलं की त्या एका कोर्सचे पैसे मी भरतो, आणि ते कर्ज नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "तुझी पेन्शन किती आहे ते मला माहीत आहे, शहाणपणा करू नकोस." आणि मग, "निम्मे भर."

सकाळी चिऊचा निरोप आला. वर्गात जागा तीसच आहेत आणि ती प्रतीक्षायादीत सातवी आहे.